आयर्लंडच्या अलीकडे

रविवार, ३ मे १९५३

पोचले एकदाची. तीन दिवस गाडीत बसून कंबरेचा काटा ढिला झालाय, पण मन मात्र प्रसन्न आहे. असं म्हणायला मला दहा वर्षं लागली, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

घरमालकीण मिसेस टिली योर्गेन्सन, वय साठीच्या पुढे, हात भाकरी थापून थापून झाले असावेत तसे रुंद. स्वच्छ खोली, खिडकीतून बटाट्याची शेतं आणि त्यापलीकडे काळ्या दगडांचं माळरान. पहिल्याच घटकेला तिने बजावलं की, धर्माला चालत नाही म्हणून या घरात कॉफी नाही, सिगारेट नाही आणि रविवारी शिवणकाम नाही. बाकी तू काहीही कर गं पोरी. मी चाळीस वर्षांची आहे, मला कुणी पोरी म्हटलं की हसू येतं. कॉफीचा डबा पेटीत कपड्यांखाली लपवलाय.

कामाच्या जागी रोजनिशी लिहायला मनाई आहे. तशी सही घेतलीय माझ्याकडून. म्हणून ही वही पाककृतींची. पहिल्या चार पानांवर सफरचंदाचे पदार्थ आहेत, कुणी उघडलीच तर तिथेच कंटाळेल.

मंगळवार, ५ मे

आज बोट पाहिली. मी किनाऱ्यावरच्या गावातली, पाणबुड्यांच्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी, मला बोटीचं काय अप्रूप! पण हिचं आहे. बसने पन्नास मैल उजाड माळ तुडवला. सशांशिवाय जीव नाही. मग एक भलीमोठी पत्र्याची इमारत, खिडकी नसलेली. आत पाणबुडीचा पोटाकडचा तुकडा, खराखुरा, आणि तिच्या अर्ध्या अंगाभोवती पाण्याने भरलेली गोल टाकी. समुद्र इथून आठशे मैलांवर. अणूच्या उष्णतेवर बोट चालते का, हे आधी इथे जमिनीवर बघायचं आणि मग खरी बांधायची, असा बेत. यंत्रं फिरतील, पंख्याचा दांडा फिरेल, बोट मात्र तसूभर हलणार नाही.

माझं काम नोंदींचं. दर चार तासांनी आकडे उतरवायचे, टंकून द्यायचे. चीफ आहेत डेल्मर पेक. युद्धात पाणबुडीवर होते. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. त्यांनी मला आत फिरवलं आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, लाल बटण. ते कुणीही दाबू शकतं, दाबलं की सगळं थंड. पण दाबणाऱ्याने तीन प्रतींत कारण लिहायचं आणि नव्या नोकरीचा अर्जही सोबत जोडायचा. दुसरी, टाकीच्या बाजूचं गोल दार. आतून कडी, दोन्हीकडून फिरणारं चाक. टाकी रिकामी असतानाच ते उघडतात. मी विचारलं, भरलेली असताना उघडलं तर? तर म्हणाले, "मग ट्रास्कबाई, तुम्हाला पोहता येतं का, हा प्रश्न उरणारच नाही. कारण आतल्या अणुभट्टीचं काय होईल ते कुणालाच ठाऊक नाही."

छातीवर लावायला फिल्मची एक चकती दिलीय, अणूची किरणं लागली की काळी पडते म्हणे. कपड्याच्या चिमट्याएवढी.

शनिवार, १६ मे

टिलीने आज विचारलं, नवरा काय करायचा. मी सांगितलं, पाणबुडीवर होता, त्रेचाळीसच्या जूनमध्ये गेला. तिने बटाट्याच्या रश्श्यावर आणखी लोणी घातलं. चांगली बाई आहे.

इथे मात्र पुरतं लिहिते. एमेटची बोट स्कॉटलंडला निघाली होती. आयर्लंडच्या अलीकडे, जिथे समुद्र उथळ होतो, तिथून शेवटचा संदेश आला. मग काही नाही. नौदलाच्या पत्रात एक वाक्य होतं: सगळं क्षणात झालं असणार, त्यांना काही कळलंही नसणार. त्या एका वाक्यावर मी दहा वर्षं काढली. ते वाक्य खाल्लं, प्यायलं, उशाशी घेतलं. युद्धानंतर एका अधिकाऱ्याने दया येऊन जागेचे आकडेही सांगितले, अक्षांश आणि रेखांश. प्रार्थना विसरेन, ते आकडे नाही.

आणि एक गोष्ट जी कुणालाच सांगितलेली नाही. एमेट घरातून निघताना दार ओढून घ्यायचा आणि बाहेरून वाजवायचा: टक-टक, जरा थांबून टक. मी आतून दोन वाजवायचे. लग्नापासूनचा रिवाज. मी दोन वाजवल्याशिवाय तो पायरी उतरायचा नाही. शेवटच्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. त्याला किनाऱ्यावरची नोकरी मिळत होती, त्याने घेतली नाही. मी दाराला कडी घातली. त्याने वाजवलं. मी ओट्याशी उभी राहिले, हात पुसत. त्याने पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदाही. मग पावलं वाजली.

बस. कॉफी करते. टिली चर्चच्या कामाला गेलीय.

शुक्रवार, १२ जून

आज कामावर धमाल. लिंडक्विस्ट म्हणून तिशीचा एक इंजिनिअर आहे, उत्साहाचं नुसतं उकळतं भांडं. २२ तारखेपासून बोट पूर्ण ताकदीने चार दिवसांच्या वर सलग चालवायची ठरलीय. तो म्हणाला, नुसतंच कशाला चालवायचं? अटलांटिकचा नकाशा लावू भिंतीवर, जितकी फिरेल तितके मैल मोजू आणि थेट आयर्लंडला नेऊ! सगळ्यांना कल्पना भलतीच आवडली. पैजा लागल्या. फक्त पेक हसले नाहीत. म्हणाले, वाळवंटात होडी आणि उंटावर कप्तान, चालू द्या तुमचं.

रेघ आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हात सरळ. आमच्याच गावच्या बंदरापासून निघून आयर्लंडपर्यंत. लिंडक्विस्टने दोन ठिपके दिले होते. मी पट्टी ठेवली. आणि शेवटाकडे ती बोटभर खाली सरकवली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. रेघ त्या आकड्यांवरून जाते. बरोबर त्यांच्यावरून. हिशोब केला: शंभराव्या तासाला, शुक्रवारी दुपारी बाराला, आम्ही तिथे असू. कुणाला काय त्रास त्याचा? कागदावरची रेघ तर आहे. थडग्यावर फूल ठेवायला मला थडगंच नाही, निदान शिसपेन तरी तिथून जाऊ दे.

सोमवार, २२ जून

सकाळी आठला निघालो. भोंगा वाजवला कुणीतरी, गाडीचा. घरघर सुरू झाली आणि टाकीतलं पाणी बारीक थरथरलं. बाराला मी नकाशावर पहिली फुली मारली. बंदराबाहेर पडलो होतो. लिंडक्विस्टने सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या. मीसुद्धा हसले, पोटभर.

बुधवार, २४ जून, दुपारी

आठच्या नोंदीला एक गोष्ट झाली. फुली मारत होते तेव्हा टाकीकडून ठोके ऐकू आले. नळ गरम झाले की वाजतात, तसे. पण नळ मोजून वाजत नाहीत. सतरा. मग शांत. पुन्हा सतरा.

लिंडक्विस्टला विचारलं, त्याला घरघरीखेरीज काही ऐकू येत नाही म्हणे. पेकना विचारलं. ते नळच आहेत, म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

बाराला फुली. ठोके पंधरा.

मला ठाऊक आहे हे काय असतं. एमेटनेच सांगितलं होतं, एकदा जेवताना. बोट तळाला बसली आणि आत माणसं उरली, तर हातोड्याने पत्र्यावर ठोके द्यायचे. जितकी माणसं उरली तितके ठोके. म्हणजे वरच्यांना कळतं, किती जण काढायचेत. मी म्हटलं होतं, ताटावर बसून असलं बोलू नये.

बुधवार, संध्याकाळी

चारला चौदा. आठला बारा.

चमत्कारिक गोष्ट ही की पेक थांबायचं म्हणतायत. तो पहाडासारखा माणूस, आणि दुपारपासून मागे लागलाय: अठ्ठेचाळीस तास झाले, हवे ते आकडे मिळाले, आता बंद करा. लिंडक्विस्ट चकित. पूर्वेकडच्या मुख्य कचेरीला फोन लागला. तिथले साहेब म्हणाले, आयर्लंड म्हणजे आयर्लंड. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक. पण आज मी त्यांचे पाय धरले असते. थांबले तर मी तिथवर पोचणार नाही.

घरी गेले नाही. टिलीला निरोप धाडला. कोपऱ्यात खाट टाकलीय.

गुरुवार, २५ जून, सकाळी

आठला नऊ.

पहाटे मी टाकीच्या शिडीवर गेले. पाणी विहिरीचं आहे, इथलंच, गोडं. शिडीच्या पायऱ्यांवर पांढरं चढलं होतं. बोट लावून चाखलं. मीठ. पाण्यात हात घातला आणि ओरडत काढला, इतकं गार. बाहेर माळावर पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि इथे माझ्या तोंडातून वाफ निघतेय.

नकाशाही ओला होतोय. झालेल्या रेघेवर नाही. पुढच्या.

नऊ माणसं आहेत अजून. क्षणात झालं असणार म्हणे. क्षणात! ज्याने ते वाक्य लिहिलं त्याचा हात कसा झडला नाही? आज दुसरा दिवस आहे त्यांचा तिथे. अंधारात, हवा पुरवून पुरवून. आणि मी तेव्हा घरात पडदे धूत होते. त्याच्यावर रागावून पडदे धूत होते.

हे मी कुठून उकरून काढलं? पट्टी बोटभर सरकवली नसती तर ते वाक्य अजून माझं असतं.

गुरुवार, दुपारी

बाराला सहा.

पेक माझ्या टेबलाशी येऊन बसले. चेहरा राखेसारखा. विचारलं, नकाशावरची रेघ खाली कुणी ओढली. मी म्हटलं, मी. का, ते सांगितलं. मग जे बोलले ते जसंच्या तसं उतरवते, कारण हे विसरायची मला परवानगी नाही.

"ट्रास्कबाई, त्या जूनमध्ये आमची बोट तिथून गेली. तुमच्या यजमानांच्या मागून पाच दिवसांनी. ऐकायची यंत्रं माझ्या कानाला होती. खालून ठोके येत होते. मी कप्तानाला सांगितलं. ते म्हणाले, आसपास जर्मन आहेत, ही त्यांची युक्ती असेल. पुढे चला. आम्ही पुढे गेलो. मागाहून ताकीद मिळाली, हे कुठे बोलायचं नाही."

मी विचारलं, किती ठोके.

"एकच माणूस उरला असावा तोवर. पण तो एक ठोका देत नव्हता. टक-टक, मग थांबून टक. पुन्हा तेच. कुठल्याही संकेतात बसत नव्हतं ते. दहा वर्षं मी पुस्तकं धुंडाळतोय, की तो काय सांगत होता. सगळ्यांना विचारलं. कुणाला ठाऊक नाही."

मी त्यांना सांगितलं, तो संदेश नव्हता चीफ. ते माझं दार होतं.

मग तो एवढा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडला आणि मला त्याच्या पाठीवर हातही ठेवता आला नाही. राग नव्हता. हातच उचलवेना.

गुरुवार, संध्याकाळी

चारला पाच. आठला तीन, एकसारखे, थकलेले.

पेकना म्हटलं, उद्या बाराला थांबवा. एक मिनिट थांबवा. लिंडक्विस्टने ऐकलं. बिचारा हसला, म्हणाला, बाई, बोट हललीच नाही, तिला थांबवू कशी? शिवाय तिथून आयर्लंड दोन तासांवर, विक्रम होतोय, आता थांबलो तर साहेब आपली सालटी काढतील. बरोबर आहे त्याचं. त्याला घरघर सोडून काही ऐकू येत नाही. सुखी माणूस.

म्हणजे उद्याही आम्ही वरून निघून जाणार. पूर्ण ताकदीने. त्याने ऐकावं, आणि आमचा आवाज लांब जात जात विरावा. दुसऱ्यांदा. नाही, माझं धरलं तर तिसऱ्यांदा.

शुक्रवार, २६ जून, सकाळी आठ

दोन.

एक त्यातला एमेट आहे. मला माहीत आहे, शेवटपर्यंत कोण राहतं ते. दुसरा कोण असेल? त्याचीही कुणी असेल कुठेतरी. तिच्याकडेही तेच पत्र असेल.

टाकीचं पाणी वर चढलंय, कुणी भरलेलं नाही. समुद्राचा वास येतो. आमच्या गावचा, ओहोटीचा. लिंडक्विस्ट म्हणतो, सांडपाणी तुंबलं असेल.

अकरा

आता वेळेची वाट बघत नाहीत ठोके. सुरूच आहेत.

टक-टक. टक.

एकटाच उरला. एकटा आहे तो.

नकाशावर पाणी जमलंय. शिसपेन बुडते. पेक आत गेले, बोटीत, लाल बटणाजवळच्या खुर्चीवर बसलेत. मला म्हणाले, या. नियम नाही, पण या. वही घेऊन आले. गोल दारासमोर खाली बसलेय. दाराला घाम फुटल्यासारखं पाणी सुटलंय. लोखंड हाताला भाजतं, इतकं गार —

आवाज पुढून येत होता. आता खालून.

पावणेबारा

जवळ. खूप जवळ. दमलाय. मधलं थांबणं वाढत चाललंय. टक-टक, आणि मग मी श्वास धरून — टक.

धीर धर रे. येतो आहोत. या वेळी आम्ही —

लिंडक्विस्ट वरून ओरडतोय, पाण्याचे आकडे चुकतायत म्हणून. फोन वाजतोय. पेक हलत नाहीत. नजर घड्याळावर.

बारा

पेकनी दाबलं.

घरघर गेली. दिवे मंदावले. इतकी शांतता की माझी पेन्सिल ऐकू येते. पेक म्हणाले, "थांबलो आहोत." मला नाही. त्याला. "थांबलो आहोत, भाऊ. थांबलो."

आणि दारावर. टाकीत नाही, तळाला नाही. दारावर, माझ्या कपाळाच्या उंचीवर —

टक-टक. टक.

पेकच्या पान्याने मी दोन वाजवले.

दहा वर्षांनी वाजवले. काहीच नाही. काहीच — उशीर झाला, वरातीमागून घोडं, त्याला कळलंच नाही मी —

चाक फिरतंय.

बाहेरून. हळू. अडखळत. तो दार उघडतोय, आणि कडी आतून. पेकनी पाहिलं. ओरडतायत, बाई, हात लावू नका, ट्रास्कबाई, बाहेर पाणी आहे, भट्टी आहे, सगळे मरतील, तो तुमचा एमेट नाही — असेलही, पण आता तो —

खरं आहे. सगळं खरं आहे. माझ्या चकतीचा रंग —

चाक कडीपाशी येऊन थांबलं. ढकलून बघतोय. एकदा. मग सोडलं.

मग वाजवलं. अगदी हळू. जसं भांडण झाल्यावर वाजवायचा —

नाही रे, जाऊ नकोस, पायरी उतरू नकोस, या वेळी कडी मी —